शस्त्राचा परवाना आणि बचावाचा हक्क

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दोन बंद घरे फुटली. त्यानंतरच्या सभेत सीसीटीव्ही आणि रखवालदाराचा पगार हे विषय संपत आले असताना एका सदस्यांनी विचारले की, आपल्यापैकी दोघातिघांनी रीतसर परवाना काढून बंदूक ठेवली तर काय बिघडले. परवाना असला म्हणजे घरात शिरलेल्या चोरावर गोळी झाडता येतेच. बऱ्याच माना डोलल्या. सैन्यातून निवृत्त झालेले आणि बारा बोअरची दुनळी बंदूक बाळगणारे सुभेदारकाका मात्र गप्प होते. सभा आटोपल्यावर त्यांनी मला घरी बोलावले, प्लास्टिकच्या पिशवीतून परवाना काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे वाच. यात गोळी कधी झाडायची ते कुठे लिहिलंय, ते दाखव मला."

तसे कुठेच लिहिलेले नव्हते. छायाचित्र, शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक, किती काडतुसे बाळगता येतील तो आकडा, परवाना कोणत्या हद्दीत चालतो आणि कधी संपतो, एवढाच त्यातला मजकूर. कारण परवाना देणारा १९५९ चा शस्त्र अधिनियम एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: ही वस्तू तुमच्या ताब्यात असणे कायदेशीर आहे की नाही. ठाणे आणि नवी मुंबई या शहरांत हे त्या त्या पोलीस आयुक्तालयात ठरते. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण असावे लागते, पोलिसांचा चौकशी अहवाल जातो आणि शस्त्र कशासाठी हवे याचे पटेल असे कारण द्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

झाडलेली गोळी गुन्हा ठरते की नाही, हा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये येतो. १ जुलै २०२४ पर्यंत हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होती. याला खासगी बचावाचा हक्क म्हणतात, आणि तो प्रत्येकाला असतो. त्यासाठी अर्ज नाही, शुल्क नाही, नूतनीकरण नाही. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठीही तो वापरता येतो. शेजारच्या आजींवर हात उगारणाऱ्याला वरवंटा फेकून मारणाऱ्या गृहिणीलाही या हक्काचा आधार असतो, आणि वरवंट्याला परवाना लागत नाही.

मात्र या हक्काला मर्यादा आहेत. मालमत्तेच्या बचावात हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत मजल केव्हा जाऊ शकते, हे कलम ४१ सांगते: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा ज्या चोरीत वा गृहअतिक्रमणात प्रतिकार न केल्यास मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती आहे ते प्रसंग. म्हणजे भरदुपारी उघड्या दारातून शिरून चार्जिंगला लावलेला मोबाइल उचलणारा भुरटा यात बसत नाही. रात्रीच्या घरफोडीतही चोर घरात आहे तोवरच हा हक्क टिकतो. गॅलरीतून उडी मारून तो पार्किंगमधून पळत सुटल्यावर त्याच्या पाठीवर झाडलेली गोळी बचावात बसवणे फार अवघड आहे. त्याशिवाय कलम ३७ चे बंधन सर्वत्र लागू आहे: पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. हे न्यायालयात दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो, मात्र फिर्यादी पक्षाइतका कडक पुरावा त्याच्याकडून अपेक्षित नसतो. सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो, पण तोही गंभीर गुन्हाच आहे.

दोन्ही गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे उलटसुलट करून पाहिले की कळते. परवाना असलेल्याने पळत्या चोराला मारले तर परवाना त्याला वाचवत नाही. उलट, खऱ्या जीवघेण्या हल्ल्यात कोणी बेकायदा गावठी कट्टा वापरला, तर हल्लेखोराच्या मृत्यूपुरता बचावाचा हक्क त्याला मांडता येईल. तरीही कट्टा बाळगल्याचा गुन्हा शस्त्र अधिनियमाखाली स्वतंत्रपणे उभा राहील.

या गोंधळाला अमेरिकेतल्या बातम्यांचाही हातभार लागतो. तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, कोलंबिया डिस्ट्रिक्ट विरुद्ध हेलर या खटल्यात, घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क मानला. तिथे बाळगणे आणि बचाव करणे या दोन गोष्टी एकाच हक्कात गुंफल्या गेल्या, म्हणून बंदुकांवर निर्बंध आणणारा प्रत्येक कायदा तिथल्या विरोधकांना बचावाच्या हक्कावरचाच घाला वाटतो. आपल्याकडे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क असावा अशी दुरुस्ती एच. व्ही. कामत यांनी १९४८ मध्ये संविधान सभेत मांडली होती, ती फेटाळली गेली. त्यामुळे परवाना कडक करावा की सैल, हा वाद आपल्याकडे घालता येतो, पण त्याच्या निकालाने कलम ३४ चे एक अक्षरही हलत नाही.

सभेतल्या सूचनेबद्दल माझे मत विचाराल तर ती चुकीच्या रोगावरचे औषध आहे. आमच्याकडे फुटली ती कुलूपबंद घरे. अशा घरातली बंदूक कोणाचे रक्षण करीत नाही. ती दागिन्यांसारखीच चोराच्या हाती लागते, आणि मग मालकाची धावपळ पोलीस ठाण्यात. माणसे घरात असतील तर बंदूक कुलपात आणि काडतुसे वेगळी ठेवायची, म्हणजे ऐन वेळी किल्ली शोधण्यातच वेळ जाणार. पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये अंधारात झाडलेली गोळी कुठे जाऊन थांबेल, हा प्रश्न राहतोच.

सुभेदारकाकांनी शेवटी परवान्याच्या पिशवीतली आणखी एक घडी उलगडली. ती गेल्या निवडणुकीच्या वेळची, बंदूक पोलीस ठाण्यात जमा केल्याची पावती होती. आचारसंहिता संपेपर्यंत घरात बंदूक नव्हती, मग चोर आला असता तर काय केले असते, असे मी विचारले. त्यांनी दाराआडच्या काठीकडे बोट दाखवले आणि चहा ठेवायला उठले.