डोव्हरची लाट ते ॲमस्टरडॅमचा पाऊस

न्यूयॉर्कच्या एका रंगमंदिरात २३ एप्रिल १८९६ रोजी एडिसनच्या व्हायटास्कोप या पडद्यावर चलच्चित्रे दाखवणाऱ्या यंत्राचा पहिला जाहीर खेळ झाला, तेव्हा नाचाच्या फितींसोबत इंग्लंडमधील डोव्हरच्या धक्क्यावर आदळणाऱ्या लाटांची एक छोटी फीतही दाखवण्यात आली. बर्ट एकर्स यांनी ती आदल्या वर्षी टिपली होती. तिच्यात ना पात्र होते, ना प्रसंग. तरीही तिने भरघोस दाद मिळवली, कारण नर्तकी त्या रंगमंचावर एरवीही दिसत असत, खवळलेला समुद्र मात्र तेथे कधी अवतरला नव्हता. १८९६मध्येच ल्युमिएर या फ्रेंच चित्रपट कंपनीचे छायाचित्रकार प्रोमियो यांनी व्हेनिसमध्ये कॅमेरा चालत्या नावेत ठेवला आणि काठावरचे वाडेच सरकू लागले. मुंबईत ७ जुलैला वॉटसन हॉटेलात झालेल्या खेळातही एक फीत समुद्रस्नानाची होती.

पुढे कथापटांनी पडदा व्यापला आणि निसर्गदृश्ये मुख्य चित्रपटाआधी वेळ भरून काढण्यापुरती उरली. त्यांना पुन्हा मान मिळाला तो १९२०च्या दशकात, चित्रकार, छायाचित्रकार आणि हौशी मंडळींच्या फिल्म सोसायट्यांमुळे. ॲमस्टरडॅममध्ये १९२७ साली स्थापन झालेल्या अशाच एका संस्थेच्या संस्थापकांपैकी योरिस इव्हेन्स यांनी मानुस फ्रांकेन यांच्यासह १९२९मध्ये ‘पाऊस’ हा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट केला. वारा सुटतो, कालव्याच्या पाण्यावर पहिली वर्तुळे उमटतात, एक माणूस हात पुढे करून थेंब अजमावतो आणि कोटाची कॉलर वर करतो. पावसाची ही चाहूल आपल्याकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. गंमत अशी, की पडद्यावरची ही एक सर प्रत्यक्षात कितीतरी निरनिराळ्या सरींतून जुळवलेली आहे. त्याच वर्षी अमेरिकेत राल्फ स्टायनर यांनी कॅमेरा पाण्याच्या इतका जवळ नेला, की काठ नाहीसा होऊन केवळ प्रकाशाच्या हलत्या रेघा उरल्या. माझ्या मते या प्रवाहातले सर्वांत धाडसी पाऊल तेच होय.

अशा फितींच्या प्रती मुळातच थोड्या निघत, त्यांना व्यापारी वितरण क्वचितच मिळे आणि त्या काळची नायट्रेटची ज्वालाग्राही फिल्म पेट घेई किंवा डब्यातच कुजून जाई. अमेरिकेतील मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात टिकल्याचे तेथील काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३च्या अहवालात नोंदले आहे. ज्यांच्यामागे बड्या कंपन्या उभ्या होत्या, त्यांची ही गत.