हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे? मग कातडीकडेही लक्ष द्या

रक्त दाट झालं म्हणून किंवा प्लेटलेट वाढल्या म्हणून दर महिन्याला आमच्याकडून हायड्रॉक्सीयुरियाच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल नेणाऱ्यांसाठी हा कागद. तुमच्या फाईलवर पॉलिसायथेमिया व्हेरा किंवा इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया असं लिहिलेलं असेल. औषध जुनं आणि भरवशाचं आहे. रक्ताची गुठळी होऊन लकवा किंवा हार्ट अटॅक येण्याचा धोका ते कमी करतं. म्हणून आधीच सांगतो, हे वाचून कॅप्सूल बंद करू नका.

गोम अशी, की हे औषध पेशींना नवा डीएनए सहज बनवू देत नाही. रक्तासाठी तेच हवं असतं. पण उन्हानं कातडीच्या पेशींचं होणारं नुकसान दुरुस्त करायलाही तोच माल लागतो. दुरुस्ती वर्षानुवर्षं अर्धवट राहिली, तर काही जणांना त्वचेचा कॅन्सर होतो. सगळ्यांना नाही. पण औषध बरीच वर्षं चालू असेल आणि आयुष्य उन्हात गेलं असेल, तर जपायला हवं. रक्ताच्या अशाच आजारांवरचं दुसरं औषध, रक्सोलिटिनिब, घेणाऱ्यांनीही असंच जपावं.

"आम्ही सावळी माणसं, आम्हाला कसला कातडीचा कॅन्सर?" हे काउंटरवर नेहमी ऐकू येतं. सावळ्या रंगाचा थोडा आधार असतो, हे खरं. तरी जुना भाजल्याचा व्रण, न भरणारी जखम, पायाचा तळवा इथंही तो निघू शकतो.

आमचे एक गिऱ्हाईक घोट्याजवळच्या जखमेसाठी तीन महिने मलम नेत होते. चप्पल लागली, म्हणायचे. आम्हीही देत राहिलो, ही आमची चूक. अशी जखम या औषधामुळेच होऊ शकते, आणि मग नुसत्या मलमानं ती भरत नाही. डॉक्टरांना दाखवावीच लागते.

म्हणून कॅप्सूल न्यायला याल त्या दिवशी सकाळी आंघोळीआधी पाच मिनिटं आरशासमोर उभे राहा. चेहरा, कान, टक्कल, मान, हाताची पाठ बघा. पाठ घरच्यांना बघायला सांगा. खरखरीत खवल्यांचा चट्टा, रक्त येणारी किंवा वाढणारी गाठ, महिनाभरात न भरलेली जखम दिसली, तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा आणि कुठलं औषध चालू आहे ते आधी सांगा. नखांवरच्या काळपट रेघा बहुतेक वेळा औषधाच्याच असतात. मात्र एकाच नखावरची रेघ रुंद होत असेल, तर दाखवा.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी बाहेर पडणं टाळा. जावंच लागलं, तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, छत्री आणि डोक्याला आपला सोलापुरी टॉवेल. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन चांगलंच, पण महागडं घ्या असं आम्ही म्हणणार नाही.

आणखी एक. कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळू नका. गरोदर बाईनं ती हाताळू नये, आणि घरच्या कुणी काढून दिली तर हातमोजे घालून द्यावी. हातमोजे आमच्याकडे मिळतात.