ग्रीकांची अल्पजनशाही लोकशाहीच्या आधीची? अर्धंच खरं

प्राचीन ग्रीसमध्ये आधी राजे, मग मूठभरांची सत्ता म्हणजे अल्पजनशाही आणि शेवटी लोकशाही, अशी एक शिडी शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली असते. लक्षात ठेवायला सोपी, पण इतिहास तसा घडला नाही.

कुळाच्या जोरावर राज्य करणारी सरदार घराणी जुन्या काळी होती, हे खरं. इ.स.पू. पाचव्या शतकातली अल्पजनशाही मात्र निराळं प्रकरण. तिचा निकष मुख्यतः मालमत्तेचा आणि रोख उघड लोकशाहीविरुद्ध. अरिस्टॉटल सांगतो, काही नगरांत हे सत्ताधारी चक्क शपथ घेत, की मी सामान्य जनतेचा वैरी राहीन आणि तिचं होईल तेवढं वाईट करीन. (असलं काही माणूस निदान मनात ठेवतो!) त्याच्या मते श्रीमंत बहुसंख्य असले, तरी त्यांची सत्ता ती अल्पजनशाहीच.

अथेन्सचंच बघा. लोकशाही रुजून जवळपास शतक उलटल्यावर, इ.स.पू. ४११ मध्ये, नागरिकांची सभा नेहमीची प्निक्स टेकडी सोडून तटाबाहेर कोलोनसला भरवली गेली आणि सत्ता ४०० जणांकडे गेली. बहुतेक पदांचं मानधनही बंद झालं, म्हणजे हातावर पोट असणारा आपोआप बाहेर. ४०४ मध्ये प्रतिस्पर्धी नगर स्पार्टाच्या पाठबळावर तीस जण सत्तेवर आले. त्यांनी ३००० मर्जीतल्या लोकांची यादी केली आणि बाकीच्यांची शस्त्रं काढून घेतली. पुढच्याच वर्षी त्यांना गाशा गुंडाळावा लागला.