हरारेच्या नाक्यावरची शोना

‘न्देइपी?’

झिम्बाब्वेची राजधानी हरारे. तिथल्या म्बारे या जुन्या कामगार वस्तीत दोन पोरं समोरासमोर आली की बोलणं या शब्दाने सुरू होतं. अर्थ एवढाच, ‘कुठली?’ कुठली काय, ते कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही. आपण ‘काय मग?’ म्हणतो तेव्हा त्यातलं ‘काय’ तरी कुठे ठरलेलं असतं! उत्तर येतं, ‘झ्विरी भो.’ म्हणजे सगळं मस्त.

शहरी पोरांनी भाषा बिघडवली, अशी तक्रार हरारेतही होते, जशी ती पुण्या-मुंबईत होते. पण हे दोन शब्द जरा उकलून बघा. ते शोनाचे आहेत, आणि शोना ही आफ्रिकेतल्या बांटू कुळातली भाषा. तिच्यात नामांना लिंग नसतं, वर्ग असतात, सुमारे २०. प्रत्येक वर्गाचा स्वतःचा उपसर्ग असतो. माणूस म्हणजे ‘मुन्हु’, माणसं ‘वान्हु’. खुर्ची म्हणजे ‘चिगारो’, खुर्च्या ‘झ्विगारो’. वाक्यातल्या क्रियापदाला, विशेषणाला नामाच्या वर्गाची खूण लावावीच लागते. ‘झ्विरी भो’मधला ‘झ्वि’ हा खुर्च्यांच्याच वर्गातला. ‘झ्विन्हु’ म्हणजे गोष्टी. बोलणाऱ्याने ते नाम गाळलं, पण त्याची खूण क्रियापदाला चिकटून राहिली. ‘न्देइपी’तली ‘इ’ही तशीच. ‘न्याया’ म्हणजे हकीकत, विषय. असली नामं ज्या वर्गात येतात, त्या वर्गाची ती खूण आहे. नाक्यावरचं पोर शब्द गिळतं, व्याकरण गिळत नाही.

या ‘झ्व’चा उच्चारही ऐकण्यासारखा आहे. ओठ आवळून शीळ घालता घालता ‘झ’ म्हणायचा. असे शिळेचे ध्वनी जगातल्या फार थोड्या भाषांत आहेत आणि शोनाचं नाव त्यांत आधी घेतलं जातं.

शोनाचं प्रमाण रूप मुळात अर्वाचीन आहे. झेझुरू, कारांगा, मान्यिका, कोरेकोरे अशा बोलींना एका लेखनपद्धतीत आणण्याच्या शिफारशी भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट डोक यांनी १९३१ साली केल्या. त्या काळी म्बारेच्या गल्ल्यांत या बोली एकमेकींत मिसळतच होत्या. सोबत आजच्या मलावी, झांबिया, मोझांबिकमधून मजुरीला आलेल्यांच्या भाषा होत्या, गोऱ्या मालकांची इंग्रजी आणि डचमधून घडलेली आफ्रिकान्स होती. शोनात पैसे देण्याला ‘कुभाधारा’ म्हणतात. ते आफ्रिकान्समधल्या ‘बेताल’वरून आलंय, आणि आता कुणाला ते परकं वाटतही नाही.

परका शब्द ओळखायची एक खूण मात्र मराठी कानाला फार गोड लागेल: ‘भ’ आणि ‘ध’. बस म्हणजे ‘भाझी’, फुटबॉल म्हणजे ‘भोरा’, डॉलर म्हणजे ‘धोरा’. असं का? शोनाचा मूळचा ‘ब’ आपल्यासारखा नाही. तो म्हणताना स्वरयंत्र खाली ओढलं जातं आणि हवा किंचित आत शिरते. उल्हासनगरात सिंधी बोलणं ऐकलं असेल, तर असे आत ओढलेले ध्वनी तुमच्या कानावरून गेले आहेत. इंग्रजीचा ‘ब’ शोना कानाला त्यापेक्षा आपल्या ‘भ’च्या जवळचा वाटला, म्हणून पाहुण्या शब्दांची रांग ‘भ’पाशी लागली. ‘ल’ शोनात नव्हता, त्याचा ‘र’ झाला. जोडाक्षरं सोसत नव्हती, मध्ये स्वर घातले. ग्लास झाला ‘गिराझी’.

क्रियापदांत हे कसब आणखी दिसतं. आपण इंग्रजी शब्द घेतला की त्याला ‘करणे’चा टेकू देतो: फोन करतो, मेसेज करतो. (अलीकडे ‘गुगललं’ ऐकू येतं, आणि मला ते आवडतं.) शोना टेकू देत नाही, शब्द सरळ साच्यात ओतते. ‘न्दिचाकुफोनेरा’ घ्या. ‘न्दि’ म्हणजे मी, ‘चा’ भविष्यकाळाचा, ‘कु’ म्हणजे तुला, मग ‘फोन’, त्यानंतर ‘एर’, म्हणजे अमक्यासाठी, अमक्याला, आणि शेवटी क्रियापदाचा ‘आ’. मी तुला फोन करीन, हे आख्खं वाक्य एका शब्दात, आणि परकं त्यात फक्त मधलं ‘फोन’.

आता नाक्यावरची खास माणसं. ‘मासालाद’ म्हणजे बंगल्यांच्या वस्तीतली, खासगी शाळांत शिकलेली, इंग्रजीतच बोलणारी मंडळी. झिम्बाब्वेच्या ताटात मक्याच्या पिठाचं घट्ट ‘साद्झा’ असतं. ही मंडळी सॅलड खातात, म्हणून हे नाव. एकटा असेल तर ‘मुसालाद’. इंग्रजी नाकात बोलतात म्हणून त्यांना ‘नोज ब्रिगेड’ असंही म्हणतात. आणि खेड्यातून आलेल्याला म्हणतात ‘एसआरबी’, स्ट्राँग रूरल बॅकग्राउंड! अर्ज-फॉर्मातल्या भाषेचा हा टोमणा लागायचा तिथे नेमका लागतो.

‘मासालाद’मधल्या ‘मा’कडे लक्ष द्या. माणसांचं अनेकवचन एरवी ‘वा’ लावून होतं आणि तोच ‘वा’ आदरालाही वापरतात. वडील घरी आले की ‘बाबा वाउया’ म्हणायचं. एकटे असले तरी क्रियापद अनेकवचनी, हुबेहूब आपलं ‘बाबा आले’. ‘मा’मध्ये ते मानाचं पान नाही. त्या वर्गात बहुतेक वस्तू येतात: ‘बांगा’ म्हणजे सुरी, ‘मापांगा’ सुऱ्या. पोलीस, शिपाई आणि मिनीबसचे कंडक्टरही ‘मा’तच जातात. त्या मिनीबसला ‘कोम्बी’ म्हणतात आणि कंडक्टरला ‘ह्विंदी’. अनेकवचन अर्थात ‘माह्विंदी’.

शहराचा इतिहास या शब्दांत जसा साठलाय, तसा तो सरकारी कागदांत मिळणार नाही. १९९१ च्या आखाती युद्धात स्कड क्षेपणास्त्रांच्या बातम्या आल्या आणि ज्वारी-मक्याच्या स्वस्त बिअरची तपकिरी प्लास्टिक बाटली ‘स्कड’ झाली. या शतकाच्या सुरुवातीला चिनी बनावटीचा स्वस्त, लवकर मोडणारा माल बाजारात भरला. त्याला ‘झिंगझाँग’ नाव पडलं. या शब्दात चिनी माणसांची हेटाळणी आहे, हे वापरणाऱ्यांनी विसरू नये. जुन्या कपड्यांचे गठ्ठे परदेशांतून येतात, ते ‘भेरो’, इंग्रजीतल्या ‘बेल’वरून. ते जिथे विकले जात आले तो म्बारेतला बाजार ‘मुपेद्झान्हामो’, म्हणजे दैन्य संपवणारा.

सगळ्यांत बोलका शब्द मला वाटतो तो ‘कुकियाकिया’. मूळ इंग्रजी ‘की’, किल्ली. तिचं क्रियापद झालं, आणि शोनाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ते दोनदा म्हटलं. दोनदा म्हटलं की क्रिया थोडी थोडी, इकडे तिकडे, पुन्हा पुन्हा होते. ‘कुकियाकिया’ म्हणजे इथे थोडं, तिथे थोडं, कुठल्या तरी कुलपाला कुठली तरी किल्ली लावून दिवस काढणं. २००० ते २००८ च्या काळात अर्थव्यवस्था कोसळत गेली, सरळ नोकरीवर पोट भरेना, तेव्हा अख्खं शहर या शब्दात राहत होतं. जानेवारी २००९ मध्ये १०० ट्रिलियन झिम्बाब्वे डॉलरची नोट निघाली, ती काय घेऊ शकत होती ते तिथल्या गृहिणींना विचारा. त्याच वर्षी परदेशी चलनं अधिकृत झाली, आणि मग नाण्यांचा दुष्काळ पडला. कोम्बीत एक अमेरिकी डॉलर दोघा अनोळखी प्रवाशांत वाटून दिला जाई. दुकानात सुट्ट्याऐवजी गोळ्या हातात पडत. आपल्याला त्या गोळ्यांची चव माहीत आहे.

लाखो लोक देश सोडून गेले आणि शब्द त्यांच्यासोबत गेले. लंडनला ‘हरारे नॉर्थ’ म्हणू लागले. इंग्लंडमध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी, त्यांत शिकलेसवरलेले कितीतरी होते, स्वतःच्या कामाला ‘बीबीसी’ म्हटलं, ब्रिटिश बॉटम क्लीनर्स. शिक्षकी सोडून म्हाताऱ्यांचे डायपर बदलणाऱ्या माणसाने घरी फोनवर ‘मी बीबीसीत आहे’ म्हणावं, यात काय काय गिळलेलं असेल!

आपल्याकडून तिकडे गेलेलाही एक शब्द आहे. गांजाला शोनात ‘म्बान्जे’ म्हणतात. ही आपली भांग. हिंदी महासागरातल्या जुन्या व्यापारातून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली आणि भाषा बदलत आत पोचली. पैशाला म्हणतात ‘मारी’. अरबी ‘माल’ तिकडे ‘ल’चा ‘र’ होऊन गेला आणि मराठीत ‘मालमत्ता’ होऊन राहिला, असं अभ्यासक मानतात.

वापराबद्दल एक सांगायला हवं. ‘न्देइपी’ बरोबरीच्यालाच म्हणायचं. पोर किती का टपोरी असेना, शेजारची आजी दिसली की त्याचं बोलणं बदलतं. गिऱ्हाईक ओढणारा ह्विंदीसुद्धा ओरडतो ते ‘पिंदाई, तिएंदे!’, म्हणजे ‘चढा, निघूया!’ त्या ‘पिंदाई’च्या शेवटच्या ‘ई’त अनेकवचन आहे आणि आदरही. सकाळची वेळ असेल तर तो आजीला विचारतो, ‘मारारा हेरे?’ झोप झाली का? आणि ती सगळ्या शोना घरांत पिढ्यान् पिढ्या दिलं जाणारं उत्तर देते, ‘न्दारारा काना मारारावो.’ तुमची झोप झाली असेल, तर माझीही झाली.