न वाजणारा आसूड

गावात पोतराज आला की दोन आवाज ठरलेले. आधी ढोलकं, मग आसूड. डोक्यावरून फिरवून त्यानं हिसका दिला की ‘फट्ट’ असा आवाज गल्लीभर घुमायचा. आम्हा पोरांना वाटायचं, आसूड त्याच्या अंगावर बसला म्हणून वाजला. पण आसूड नुसता हवेत ओढला तरी वाजतोच. हाताच्या हिसक्यानं दोरात एक वाक तयार होतो, तो निमुळत्या टोकाकडे धावत जातो, आणि तिथवर पोचताना त्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या, पुढे गेलेला असतो. आवाज होतो तो त्यामुळे. २००२ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या अलँ गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी गणितानं दाखवलं की हा आवाज दोराच्या टोकाचा नसून त्या धावत्या वाकाचा असतो.

हाच वाक दिवसभर हवेत पळवायचा, पण आवाज मात्र होऊ द्यायचा नाही, असा एक खेळ आहे. फ्लाय फिशिंग.

थंड पाण्यातल्या ट्राउट माशाला पाण्यावर उतरलेले किडे आवडतात. म्हणून गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून बनावट माशी बांधायची आणि ती त्याच्या पुढ्यात टाकायची. अडचण एकच. माशीचं वजन असतं तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढं. आपल्याकडे गरवायला बसलेला माणूस गळाच्या वर शिसं बांधतो. शिसं पुढे जातं आणि दोर मागून फरफटत येतो. माशीला शिसं बांधलं तर ती बुडेल. नुसती फेकावी, तर कोंबडीचं पीस फेकून पाहा, कुठवर जातं ते.

यावर तोड अशी निघाली की वजन दोरातच घालायचं. फ्लाय फिशिंगची लाइन जाड, मुलामा दिलेली असते आणि तिला वजनानुसार नंबर असतात. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. नऊ मीटरभर पसरलेले नऊ ग्रॅम! दगड फेकता येतो, कारण तो एका जागी असतो. पण अशी पसरलेली वस्तू फेकायची कशी?

जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकलेला आठवतो? हात जोरात फिरवून खटकन थांबवला की पारा उतरतो. नळी थांबते, पारा थांबत नाही. फेकीचंही तसंच आहे. रॉड, म्हणजे हातातली लांब लवचिक काठी, वेग घेत पुढे येतो आणि एकदम थांबतो. लाइन थांबत नाही. ती रॉडच्या टोकाला ओलांडून पुढे जाते आणि त्या क्षणी लूप जन्माला येतो. लूप म्हणजे आडवा पाडलेला इंग्रजी ‘यू’. त्याची खालची बाजू रॉडच्या टोकाला अडकून जवळजवळ स्थिर असते, वरची बाजू माशीला घेऊन पळत असते. लूपचं तोंड वरच्या बाजूच्या निम्म्या वेगानं पुढे सरकतं, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं निवांत चाललंय असं वाटतं. जसजसा लूप उलगडतो, तसतशी पळणारी बाजू आखूड होत जाते. तिच्यातली ऊर्जा कमी-कमी वजनात एकवटत जाते, आणि हवेनं वाटेत खाल्ली नाही तर वेग वाढतच जातो. आसूड वाजतो तो याच हिशेबानं.

म्हणून उत्तम कास्टर, म्हणजे लाइन फेकणारा, ओळखायचा तो लूपवरून. लूप अरुंद असेल तर हवा कमी कापावी लागते आणि लाइन लांब जाते. रुंद लूप हवेतच दमतो. आणि लूपचा आकार ठरवतो रॉडच्या टोकाचा प्रवास, कारण टोक जिकडे जाईल तिकडेच लाइन जाते. टोक सरळ रेषेत गेलं तर लूप अरुंद. टोकानं घुमटासारखी कमान काढली तर तो रुंद.

पण मनगट आणि कोपर तर गोल फिरतात, मग टोक सरळ कसं जाणार? रॉड वाकतो म्हणून. वाकलेला रॉड जणू आखूड होतो, त्यामुळे कमानीचा मधला उंचवटा चेपला जातो. रॉड धनुष्यासारखा लाइन सोडतो असं पुष्कळांना वाटतं. काही अंशी ते खरंही आहे, पण लाइनला मिळणाऱ्या वेगाचा मोठा वाटा तरफेचा असतो, स्प्रिंगचा लहान. वाकण्याचं मोठं काम म्हणजे टोकाची वाट सरळ ठेवणं.

नवशिक्याची खोड नेमकी इथे बाधते. तो सुरुवातीलाच हिसका देतो. रॉड नको तेव्हा वाकतो, टोक खाली बुडी मारून वर येतं, लूपची वरची बाजू खालच्या बाजूला आडवी येते आणि दोऱ्यात गाठ बसते. मग तो वाऱ्याला शिव्या घालतो. मिशिगन विद्यापीठाचे नोएल पर्किन्स यांनी रॉडवर जायरोस्कोप बसवून त्याचं फिरणं मोजलं. कसलेल्या हाताचा आलेख सावकाश चढतो आणि कड्यासारखा कोसळतो. जोर हळूहळू, थांबणं झटक्यात.

दंडातली ताकद इथे फारशी कामाची नाही, याचा पुरावा म्हणजे जोन वुल्फ. १९२६ मध्ये न्यू जर्सीतल्या पॅटरसनला जन्मलेल्या जोनबाई नृत्य शिकवत. १९५१ मध्ये, बाकी सगळे स्पर्धक पुरुष असताना, त्यांनी लांब फेकीची स्पर्धा जिंकली. १९६० मध्ये त्यांची एक फेक १६१ फुटांवर गेली, म्हणजे ४९ मीटर, क्रिकेटच्या जवळपास अडीच खेळपट्ट्या. पुढे १९७९ मध्ये पती ली वुल्फ यांच्यासोबत त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात शाळा काढली. त्या शिकवत, की शेवटचा जोर मनगटाचा: अंगठ्यानं पुढे ढकलायचं, खालच्या बोटांनी मागे ओढायचं आणि तिथेच थांबायचं. ज्याला तालाचं अंग आहे त्याला हे लवकर जमत असावं, असा माझा अंदाज.

दुसरा हातही रिकामा नसतो. रॉडच्या जोराच्या ऐन क्षणी तो लाइन खाली खेचतो, आणि त्या खेचण्याचा वेग सरळ लाइनच्या वेगात मिळतो. लगेच हात वर परत आला नाही तर लाइन ढिली पडते. हे पुढे-मागे दोन्ही फेकींत करायचं. एका हातानं पोटावर गोल फिरवत दुसऱ्यानं डोक्यावर थापट्या मारून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

एवढं करून माशी पाण्यावर आदळली तर मासा पसार. म्हणून लाइनचं टोक आणि पुढचा नायलॉनचा दोरा निमुळता असतो. आसूडही निमुळताच की! पण इथे वेग मुळात बेताचा असतो, आणि बारीक दोऱ्याला त्याच्या वजनाच्या मानानं हवा फार अडवते. उरलीसुरली ऊर्जा तिथे जिरते आणि माशी पिसासारखी उतरते.

सगळ्यात अवघड असतं ते पाठीमागे. पुढे फेकण्याआधी लाइन मागे उलगडायला हवी, आणि तेवढा वेळ हात आवरून धरायचा. लाइन जितकी लांब, तितका थांबा मोठा. मासा समोर उड्या मारतोय आणि आपण काहीच करायचं नाही! म्हणून शिकणाऱ्याला मान वळवून मागे बघायला सांगतात. घाई झाली, तर अर्धवट उलगडलेला लूप उलटा ओढला जातो आणि मागून ‘फट्ट’ ऐकू येतं, थेट पोतराजाचं. अनुभवी माणूस मग पुढे फेकतच नाही, मुकाट्यानं लाइन ओढून घेतो. टोकाला माशी नसते.