उसावरची चाबूक काणी

चाबूक काणी हा उसाचा बुरशीजन्य रोग. बुरशीचं नाव स्पोरिसोरियम सायटामिनियम, जुन्या पुस्तकांत उस्टिलॅगो सायटामिनिया असं सापडेल, बुरशी तीच. पहिली नोंद 1877 ची, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातली. आपल्याकडं बारामती, इंदापूर, दौंड भागात ऊसवाल्यांना नुसतं 'काणी' म्हटलं तरी कळतं.

रोगट उसाच्या शेंड्यातून पोंग्याऐवजी (म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानांऐवजी) लांब चाबूक निघतो, कधी वीतभर तर कधी मीटरच्याही वर. आधी त्यावर चंदेरी पातळ पापुद्रा असतो, तो फाटला की आतली काजळीसारखी भुकटी उघडी पडते, नुसतं बोट लावलं तरी काळं होतं. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, आणि वारा सुटला की ते शेजारच्या प्लॉटमध्ये पोचलेच म्हणून समजा.

खरी गंमत पुढं आहे. बीजाणू उसाच्या डोळ्यावर पडला आणि ओल मिळाली की रुजतो, त्यातून बारीक नळी निघून तिच्यावर साधारण चार छोटे बीजाणू येतात, पण यातला एकटा एक उसाचं काहीच वाकडं करू शकत नाही, दोन विरुद्ध प्रकारचे एकत्र आले तरच रोग लावणारा धागा तयार होतो. तो डोळ्यातून आत शिरतो आणि वाढीच्या कोंबात मुक्काम ठोकतो. ऊस मरत नाही, वाढत राहतो, फक्त कांड्या बारीक आणि फुटवे नको तितके, आणि चाबूक दिसायला दोन ते चार महिने जातात. गवताळ वाढ रोगातही फुटवे असेच भरमसाट येतात, पण तिथं पानं पांढरट पडतात आणि चाबूक येत नाही.

उसाशिवाय कांससारख्या त्याच कुळातल्या गवतांवरही ही बुरशी जगते. ज्वारीच्या काण्या वेगळ्या, त्यांच्या बुरश्याही वेगळ्या.

वाऱ्यापेक्षा माणूसच हा रोग लांब नेतो असं माझं मत, कारण उभ्या उसाच्या डोळ्यात बुरशी गुपचूप बसलेली असते आणि आपण तोच ऊस चांगला दिसतोय म्हणून बेण्याला, म्हणजे नव्या लागवडीला, तोडतो. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेल्या पिकात, तर काणी नव्यानं लावलेल्या उसापेक्षा जास्तच दिसते, बुडखा आधीच रोगट असतो ना. म्हणून मूलभूत बेण्याला, म्हणजे ज्यापासून पुढचं बेणं वाढवतात त्याला, 54 अंशांवर अडीच तास उष्ण बाष्प प्रक्रिया देतात. शेतात चाबूक दिसला तर आधी त्यावर पिशवी घालायची, मगच कापायचा, नाहीतर आपणच भुकटी रानभर उधळतो. नंतर त्या उसाचं अख्खं बेट मुळासकट खणून जाळायचं. ओल्या मातीत बीजाणू फार टिकत नाहीत, कोरड्यात मात्र कित्येक महिने तग धरतात.