'शॉन'मधला 'श'

आयरिश 'शॉन' हे नाव रोमन लिपीत पाहिलं की आपण अडखळतो. एस, ई, ए, एन. यात 'श' आला कुठून?

उत्तर आपल्याच तोंडात आहे. आपण 'पैसा' म्हणतो, पण 'पैशाला' म्हणतो. एक 'म्हैस', दोन 'म्हशी'. शेजारी 'ई' किंवा 'य' आला की जीभ टाळूकडे उचलली जाते आणि 'स'चा 'श' होतो. आयरिशमध्येही 'आय' किंवा 'ई' या अक्षरांच्या शेजारचा 'एस' असाच 'श' होतो. या नावातला 'ई' तर उच्चारायचाच नसतो. आधीचा 'एस' मऊ आहे, एवढं सांगायला तो तिथे बसला आहे.

नाव मुळात हिब्रू: 'योहानान', म्हणजे 'देव कृपाळू आहे'. मराठी बायबलमधला 'योहान' तोच. गोव्यात २४ जूनला डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, त्या 'सांजांव'मधला 'जांव'ही तोच.

आयर्लंडमध्ये मात्र हे नाव दोनदा पोचलं, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. आधी ते लॅटिनमधून ख्रिस्ती धर्माबरोबर आलं आणि 'ओइन' झालं. बाप्तिस्मा देणारा योहान आयरिशमध्ये अजूनही 'ओइन'च आहे. पुढे ११६९ पासून इंग्लंडवर राज्य करणारे, फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले, त्यांच्या फ्रेंचमधला 'जेहान' घेऊन. आयरिशमध्ये 'ज' नव्हता, त्याच्या सगळ्यात जवळचा 'श' होता. 'जेहान'चा 'शॉन' झाला. मुलींच्या नावांचंही तेच: 'जेहान' या स्त्रीनामाची 'शिवॉन' झाली, 'जानेत'ची 'शिनेड'. जुनं 'ओइन' हटलं नाही, नवं 'शॉन' त्याच्या शेजारी नांदू लागलं.

उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये हा स्वर तोंडात पुढे, 'ए'च्या उच्चाराकडे सरकतो, म्हणून तिथून 'शेन' हे रूप निघालं. १५६७ मध्ये मारला गेलेला तिथला बलाढ्य सरदार शेन ओ'नील याच रूपाने ओळखला जातो. 'मॅकशेन' आडनावाचा अर्थ शेनचा मुलगा.

लिहिताना 'ए'वर एक तिरकी रेघ हवी. तिला 'फादा' म्हणतात, म्हणजे 'लांब'. ती गाळली तर उरलेल्या शब्दाचा अर्थ होतो 'म्हातारा'. पाळण्यातल्या बाळाचं नाव लिहिताना एवढीशी रेघ किती महत्त्वाची!

आणि हाक मारताना? आपण 'राम'ला 'रामा' म्हणतो, तसं आयरिशमध्येही नाव बदलतं, पण सुरुवातीपासूनच. आई अंगणात येऊन 'अ ह्यॉन!' अशी हाक देते. तिथे 'श'सुद्धा उरत नाही.